मूठभर आमसुलं

तेरं म्हणजे रानातलं अळू. पावसात आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्याच्या कडेनं फुकट उगवतं. फुकट असलं तरी सोपं नाही. नीट शिजवलं नाही तर घशाला काटे टोचल्यासारखी खाज सुटते. मी साताऱ्याकडची. एकोणीसशे पन्नासनंतरच्या दोन-चार वर्षांत लग्न होऊन रत्नागिरीला आले, तेव्हा यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

त्या आषाढात नणंदेचं तिसरं बाळंतपण वेळणेश्वरला, तिच्या सासरीच व्हायचं होतं. सासूबाईंना महिनाभर तिकडे जायचं होतं. प्रश्न आला स्वयंपाकाचा. सावर्ड्याच्या आत्याबाई, म्हणजे मामंजींची थोरली बहीण, यायला तयारच होत्या. त्या आल्या की घराला शिस्त लागे: पहाटे उठून गार पाण्यानं अंघोळी, दुपारची झोप बंद, मामंजींचा तंबाखूचा डबा आत्याबाईंच्या उशाखाली. मलाही त्यांचा एक मुक्काम पुरे झाला होता.

"घर मी सांभाळीन," मी सासूबाईंना म्हटलं.

"घाटावरची तू. भाकऱ्या छान थापतेस, पण या पावसात बाजारची भाजी कुठली मिळायला? दाराशी उगवेल ती शिजवता यायला हवी. उद्या तेरं कर. जमलं तर चूल तुझ्या हवाली, नाही तर आत्याबाईंना निरोप धाडते. आणि हे बघ गो, चिरताना, शिजवताना, जेवताना खाजेचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की भाजी खाजते."

सकाळी मी कोवळी पानं आणली, हातांना खोबरेल चोपडून चिरली, फणसाच्या आठळ्या घालून शिजवली आणि लसणीची चरचरीत फोडणी दिली. आमसुलं मात्र चारच टाकली. इतका आंबटपणा हवा कशाला? वर गुळाचा चांगला खडा सोडला. तेऱ्यात आमसूल चवीपेक्षा खाज मारायला घालतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? तिचं नावच काढायचं नव्हतं!

मामंजी, आमचे हे आणि धाकटे दीर जेवायला बसले. पहिल्या घासाला दिरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मामंजींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तोंड मिटलं. मग तिघेही मान खाली घालून जेवू लागले. एरवी या घरात मीठ कमी, भात मऊ, असं काही ना काही ऐकू येईच. आज चकार शब्द नाही. सोलकढीची वाटी मात्र पुन्हा पुन्हा पुढे येत होती.

"कसं झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

"झकास," मामंजी म्हणाले. आवाज चिरका निघाला आणि डोळ्यांत पाणी होतं. "आणखी वाढ, सूनबाई."

मी हरखून वाढलं.

मग आम्ही दोघी बसलो. एक घास गिळला आणि माझं मला कळलं. सासूबाईंनीही गिळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओटीवर खाकरत बसलेल्या तिघांकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की ठसका लागला.

"अगो, आत्याबाईंच्या धाकानं गिळलंनी सगळं!"

"मग आता निरोप धाडणार?"

"कशाला? ज्यांनी हे खाल्लंनी, ते तुझ्या हातचं काहीही खातील. आमसुलं मूठभर घालत जा म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी त्या वेळणेश्वरला गेल्या. महिनाभर मी रानातला टाकळा केला, भारंगी केली, तेरंही केलं, आणि ते उत्तम झालं. तरी तेरं शिजायला लागलं की मामंजी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात येत आणि पातेल्यात डोकावत. एकदा तर त्यांनी बरणीत हात घातला, माझ्या मूठभर आमसुलांवर स्वतःची मूठ टाकली आणि काही न बोलता ओटीवर निघून गेले.