मंगळवारची बिस्किटं

आमच्या केंटकीतल्या गावच्या सरकारी शाळेत ओपल स्टिडहॅम ग्रंथपाल आहे. बाई कट्टर बाप्टिस्ट. शाळा सुटल्यावर मुलांना वर्गात बायबल मंडळ भरवता यावं म्हणून पूर्वी ती शाळेच्या बोर्डाशी भांडली होती. एका मंडळाला वर्ग दिला तर सगळ्यांना द्यायचा, असा नियमच तिनं करून घेतला होता. यंदा त्याच नियमावर बोट ठेवून समलिंगी मुलामुलींनी आपलं मंडळ काढलं. चर्चमध्ये नुसता गहजब!

"ओपल, हे तूच पेरलंस, आता तूच निस्तर," पास्टर टॅकेट म्हणाले. "तिथं जाऊन बस आणि काय पाप चालतं ते रविवारी सगळ्यांना सांग."

मंगळवारी ते मंडळ भरलं, तेव्हा ओपल विणकाम घेऊन गेली. हातात सुया, कान टवकारलेले.

रविवारी पाप ऐकायला भक्तमंडळी कधी नव्हे ती वेळेवर आली. मी ओपलच्या शेजारीच होते.

"आपल्या महिला मंडळात चालतं तेच तिथं चालतं," ती उठून म्हणाली. "पुढच्या वेळी बिस्किटं कुणी आणायची, यावर तासभर वाद. शेवटी कुणीच कबूल झालं नाही."

आधी मागच्या बाकावर हसू फुटलं, मग सगळीकडे.

बाहेर पडताना पास्टरच्या बायकोनं ओपलचा हात घट्ट धरला. कित्येक आठवड्यांनी तिचा चेहरा सैल झाला होता.

"मंगळवारची बिस्किटं मी देते गं," ती हळूच म्हणाली. "शेंगदाणे तेवढे घालत नाही. आमच्या नातीला सोसत नाहीत."