सुमनताईंची शर्यत

‘कशी आहे तब्येत?’ असं सुमनताईंना विचारायची सोय नव्हती. ‘हाय तिथंच हाय. तुमची सांगा, परवा जिना चढताना धापा टाकत होता,’ असं उत्तर यायचं आणि विचारणारा निमूट लिफ्टकडे वळायचा. कॅन्सरमधून उठलेल्या बाईने असं फाडकन बोलावं, हे आमच्या सोसायटीला रुचत नसे. आजारी माणसाने कसं, जरा आजाऱ्यासारखं राहावं.

वारज्यात आमची सोसायटी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. शेताच्या जागी इमारती आल्या, तशा त्या तळमजल्यावर राहायला आल्या. मी त्यांच्या वर. स्तनाचं ऑपरेशन झालं, मग केमो. केस गेले, नखं काळी पडली. पुढे डॉक्टर म्हणाले, आता काही नाही, रोज चालत जा. त्या चालायला लागल्या आणि वर्षभरात चक्क पळायला लागल्या. कालव्याच्या कडेने, ओढणी कमरेला खोचून. बायका म्हणायच्या, ‘अहो, या वयात आता नामस्मरण करावं.’ त्यावर ताई, ‘ते झोपून बी करता येतं. पळणं झोपून जमत न्हाय.’

मॅरेथॉनचा एवढा हट्ट कशासाठी, असं मी एकदा विचारलं. ‘दवाखान्यात जो तो मला उचलत होता, कुशीवर वळवत होता, टोचत होता. माझं अंग माझं राहिलंच नव्हतं. एकदा ते बेचाळीस किलोमीटर माझ्या पायांनी पुरं केलं, की परत माझं.’ मग लगेच, ‘चहा गार झाला तुझा. पी.’

त्यांचे धाकटे दीर आमच्या भागातले भाऊ. निवडणुकीला उभं राहायचं ठरलं की माणूस सगळ्यांचाच भाऊ होतो. वहिनी आजारी असताना ते दवाखान्यात एकदा आले होते, फोटोग्राफरला घेऊन. वहिनी मॅरेथॉन पळणार म्हटल्यावर मात्र त्यांचं प्रेम उतू गेलं. ताईंचे यजमान दत्तोबा साधे गृहस्थ, पण भावापुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

शर्यतीच्या दिवशी मी मीठ-साखरेचं पाणी घेऊन रस्त्यात थांबले होते. पाऊण अंतर कापून ताई एव्हाना यायला हव्या होत्या. त्या आल्या नाहीत. मागच्या चौकातून ढोल-ताशा तेवढा ऐकू आला. मी स्कूटर वळवली. चौकात भाऊंनी मांडव घातला होता. घामाने निथळणाऱ्या ताईंवर शाल पांघरलेली, डोक्याला फेटा बांधणं चाललेलं आणि समोर आरतीचं ताट घेऊन त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई. ओवाळणं मात्र अडलं होतं. प्रमुख पाहुणे यायचे होते.

‘ताई, निघा!’ मी ओरडले. ‘शर्यतीची ठरलेली वेळ टळली की संपलं सगळं!’

‘अहो मॅडम, पाच मिनिटं,’ भाऊ हसत म्हणाले. ‘घरचा सत्कार हाय. पळणं काय, रोजचंच हाय.’

ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दत्तोबा खाली मान घालून उभे होते.

पाहुणे आले, बोलले आणि बोलतच राहिले. मग ओवाळणं झालं. ताई मांडवातून निघाल्या तेव्हा पोटऱ्यांत गोळे आले होते. लंगडत थोड्या पुढे गेल्या, तोवर मागून, वेळेत न पोचलेल्यांना गोळा करणारी संयोजकांची बस आली आणि त्यांना उचलून घेऊन गेली.

‘थांबलात कशाला?’ संध्याकाळी मी चिडून विचारलं.

‘ओवाळायला उभ्या राहिलेल्या सासूला टाळून कशी जाऊ गं? माझ्या दिराला ठाऊक होतं ते. म्हणून तर म्हातारीला ताट घेऊन उभं केलं.’ आणि त्या रडल्या. केमोतसुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

वहिनींनी मॅरेथॉन पूर्ण केल्याचे पेढे भाऊंनी वाटले. ताई भेटेल त्याला सांगायच्या, ‘न्हाय केली.’ लोक म्हणायचे, ‘काय हा विनय!’

पुढच्या शर्यतीची तयारी सुरू केली आणि त्यांची पाठ दुखू लागली. कॅन्सर परतून हाडांत उतरला होता. शेवटी शेवटी उशीवरून मानही उचलेना, तेव्हा मला म्हणाल्या, ‘मी थकले न्हाय, मला अडवलं. एवढं कुणाला तरी सांग.’

दहाव्याला घाटावर रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं झाली. भाऊंनी माईक हातात घेतला. ‘आमच्या वहिनींनी कॅन्सरला हरवून मॅरेथॉन पूर्ण केली...’

मी उठून उभी राहिले. ‘नाही केली. त्या धावत होत्या. तुम्ही अडवलंत.’

मग सूत्रसंचालक म्हणाले, ‘मॅडम भावनाविवश झाल्या आहेत, आपण समजू शकतो,’ आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

घाटाच्या पायऱ्यांवर दत्तोबांनी मला गाठलं. डोळे सुजलेले होते. ‘तुम्ही आज बोलला, ते मी त्या दिवशी बोलाया पायजे होतं,’ म्हणाले. मी काही म्हणणार, तेवढ्यात वरून भाऊंनी हाक मारली, ‘दादा, चला.’ दत्तोबा गेले आणि भावाच्या गाडीत जाऊन बसले.