आमच्या मळ्यातली सफारी

टेम्पोत सामान चढलं, आई पुढे बसली आणि बाबा खालीच उभे राहिले. "तुम्ही जा. मी नाय येत," म्हणाले. गोदाकाठचा आमचा उसाचा मळा शेजारच्या शेतांसोबत बिबट्यांच्या सफारीत गेला होता, आणि बाबांनी तिथेच जीप चालवायची नोकरी धरली होती. वर्षभरापूर्वी घास कापताना बिबट्याने आईचा खांदा फाडला होता. आता तिचा नवरा त्याच जनावरांसाठी मागे राहत होता.

अंबडला, कारखान्यांच्या वसाहतीजवळ, आम्ही दोन खोल्या घेतल्या. मी कंपनीत फर्स्ट शिफ्टला लागले. गावी ऊस हलला तरी आई दचकायची. इथे दिवसभर कारखान्यातल्या प्रेस मशीनचा दणका ऐकू येतो, पण ती गॅलरीत एकटी बसू लागली. बाबांचा फोन मात्र घेत नव्हती.

यंदा मी हट्टाने तिला बाबांच्या जीपमध्ये बसवलं. सकाळची फेरी, उघडी जीप. आम्ही मधल्या सीटवर, मागे पुण्याचं एक जोडपं. आमच्या जुन्या विहिरीजवळ बाबांनी गाडी थांबवली. दहा-बारा पावलांवर बाभळीखाली बिबट्याची मादी होती, तिच्यामागे दोन बछडे. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

मागचा माणूस मोबाईल घेऊन उभा राहिला. मादीने कान मागे पाडले, गुरगुरली.

"साहेब, खाली बसा," बाबा मान न वळवता हळू म्हणाले.

तो बसेना. मादी एक पाऊल पुढे आली. तेव्हा आईनेच हात मागे नेऊन त्याचा शर्ट धरला आणि त्याला खाली ओढलं. "लेकरं हायेत तिच्याजवळ," एवढंच बोलली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मादी वळली आणि बछडे तिच्यामागे गवतात शिरले.

परतताना आईने विचारलं, "मला धरलं ती हीच का?"

"नाय सांगता यायचं," बाबा म्हणाले. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. मला वाटतं, म्हणूनच ती पुढे त्यांच्याशी बोलत राहिली.

आई तिथे राहील, नाहीतर बाबा आमच्याबरोबर येतील, अशी माझी आशा होती. दोन्ही झालं नाही. "मला इथं झोप यायची नाय," आई म्हणाली, आणि बाबांनी आम्हाला बसमध्ये बसवून दिलं.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठं म्हणून विचारलं तर तुम्ही काय सांगता? मी अंबडचा पत्ता सांगते. पण संध्याकाळची फेरी संपली की बाबांचा फोन येतो, "गेट लावलं, आलो खोलीवर." तो येईपर्यंत आई माझं ताट वाढत नाही.