स्टेजमागचे साडू

गाणं सुरू झालं की ज्याचा रस संपतो असा संगीतप्रेमी पृथ्वीच्या पाठीवर एकच असणार, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं प्रारब्ध. बायकोच्या मधल्या बहिणीचे हे यजमान ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. दिवसभर डबे सांभाळणारा हा गृहस्थ संध्याकाळी घरी आला की विलायतेतल्या केसाळ मंडळींचा होऊन जायचा. ही मंडळी रॉक नावाचं संगीत करतात. त्यांच्या कार्यक्रमांवर, दौऱ्यांवर आणि एकूणच हालअपेष्टांवर तिकडे लांबलचक सिनेमे निघतात, आणि ते पाहणं हा साडूंचा एकमेव धर्म होता. बोटीवर नोकरी करणारा त्यांचा एक मित्र दर खेपेला दोन-चार व्हिडिओ कॅसेट आणून द्यायचा. व्हीसीआरही त्यानंच आणलेला. ऐंशीच्या सुमारास वाशीत घर घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही सगळे पाणी, बस, शाळा यांची चौकशी करत होतो. साडूंनी फक्त शेजारचे प्लॉट रिकामे आहेत ना, एवढंच विचारलं. होते. पार खाडीपर्यंत रिकामे होते. त्यामुळे पुढची काही वर्षं आवाजाची तक्रार करायला तिथं बगळ्यांखेरीज कुणी नव्हतं.

"दादा, रविवारी या. असा सिनेमा दाखवतो, जन्मभर नाव काढाल." थोरला जावई म्हणून ते मला दादा म्हणत. मी भोळेपणानं बायकोला घेऊन गेलो. सिनेमा सुरू झाला. एका ट्रकमधून माणसं पेट्या उतरवत होती. मग वायरी उतरवल्या. मग त्या वायरी एकमेकांत अडकल्या म्हणून त्यांनी एकमेकांना शिव्या दिल्या. पाऊण तास हे चाललं. शेवटी एकदाचा अंधार झाला, हजारो माणसं ओरडली, झगमगीत जाकीट घातलेला एक गायक पुढे आला आणि त्यानं गायला तोंड उघडलं. त्याबरोबर साडूंनी बटण दाबून कॅसेट पुढे पळवली. गायक बिचारा चटके बसल्यागत स्टेजभर नाचून अदृश्य झाला. मी म्हटलं, "अहो, गाणं?" तर म्हणाले, "गाणं काय दादा, रेडिओवर पण लागतं. ते सोडा. पुढे गिटारची तार तुटते आणि त्याचा माणूस दुसरी गिटार घेऊन कसा रांगत येतो ते बघा." त्या दिवशी त्या टोळीनं एकंदर किती गाणी म्हटली देव जाणे. पेट्या मात्र सगळ्या उतरल्या.

त्यातून काही कॅसेट अमेरिकेच्या असत आणि त्या आपल्या टीव्हीशी जमवून घेत नसत. रंग उडायचे आणि चित्र खालून वर सरकत राहायचं. साडूंना त्याचं काही नव्हतं. चित्र वर जाईल तशी ते मान वर नेत आणि ते खालून उगवलं की मान खाली आणत. नवख्या माणसाला वाटे, काय तल्लीन होऊन ताल धरलाय. सिनेमांची खरी नावं ते कधी घेत नसत. 'चिखलाचा', 'ट्रकचा', 'भांडणाचा' अशी त्यांची घरगुती नावं होती, आणि वैद्यानं काढे द्यावेत तशी ते समोरच्याची अडचण पाहून त्यांची शिफारस करत. मला आम्लपित्ताचा त्रास सुरू झाला तेव्हा म्हणाले, "ट्रकचा बघा. चार-चार दिवस जेवलेली नसतात ती माणसं." पुढे खालच्या मजल्यावर राहायला आलेल्या भावाभावांत गॅलरीवरून बोलणं बंद झालं तेव्हा त्या दोघांना वर बोलावून त्यांनी 'भांडणाचा' दाखवला. त्यात चार वादक तासभर एकमेकांची उणीदुणी काढतात आणि शेवटी वेगळे होतात. त्या भावांनी पुढच्याच महिन्यात गॅलरीत भिंत घातली. हा सिनेमा मनापासून आवडलेला माणूस मी एकच पाहिला. तो वाशीगावचा, हळदीला वाजवणाऱ्या बॅन्जो पार्टीचा म्होरक्या होता. "आमचे पार्टीन पन आसाच हाय," तो समाधानानं म्हणाला. "वाजवाला कमी नि भांडाला जास्ती."

हे खूळ टीव्हीपुरतं राहिलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण साडूंनी अख्ख्या जगालाच स्टेज आणि स्टेजमागे असं विभागून टाकलं होतं. गाण्याच्या बैठकीला गेले तर तंबोरे जुळेपर्यंत डोळे मिटून ऐकायचे आणि बुवांनी षड्ज लावला की उठायचे. "मुख्य भाग झाला," म्हणायचे. सत्यनारायणाला गेले की कथेला पाठ करून स्वयंपाकघरात, शिरा ढवळणाऱ्या बाईंसमोर पाटावर बसायचे. "माणूस स्टेजवर खोटा असतो, दादा. तालमीत खरा असतो." हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते त्यांनी स्वतःलाही लावून घेतलं होतं. कारखान्यात बढतीची मुलाखत होती. साडूंनी महिनाभर आरशासमोर तयारी केली आणि मुलाखतीच्या दिवशी घरीच राहिले. तयारी उत्तम झाली होती, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. मेहुणी त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. ते त्यांच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

अशा माणसाच्या हाती आम्ही धाकट्या मेहुणीच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग दिलं. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच. पण बोटीवरच्या मित्राचा कॅमेरा आयता मिळत होता आणि नवऱ्यामुलाचे थोरले भाऊ-भावजय मस्कतला होते. त्यांना रजा मिळाली नव्हती, त्यांच्यासाठी कॅसेट पाठवायची होती. लग्न पनवेलला, आमच्या सासऱ्यांच्या गावी. सासऱ्यांना सगळेच अप्पा म्हणत. निवृत्त पोस्टमास्तर. बोलणंही तारेच्या दरानं, शब्दाला पैसे पडत असल्यासारखं. थोरल्या मुलीच्या पाठवणीला त्यांनी माझ्या वडिलांपुढे हात जोडून एकच वाक्य म्हटलं होतं, "पोर लाडाची आहे, सांभाळून घ्या." मधलीच्या, म्हणजे माईच्या, वेळी हेच वाक्य साडूंच्या वडिलांना. त्या घरात या वाक्याला फार मान होता. मुली ते आठवून अजून डोळ्याला पदर लावत. धाकटीच्या पाठवणीला सगळे थांबून राहिले. अप्पा हात जोडून व्याह्यांसमोर उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं, आणि वळून बसच्या ड्रायव्हरला म्हणाले, "पंपाच्या पुढे डावीकडे घ्या." बस सुटली.

धाकटीनं ते जन्माचं मनाला लावून घेतलं. "तुझ्या वेळी बोलले, माईच्या वेळी बोलले," ती माझ्या बायकोला म्हणाली. "माझ्या वेळी ड्रायव्हरशी बोलले." त्यानंतर ती दिवाळीला माहेरी यायची, नमस्कार करायची, फराळ करून निघायची. अप्पांच्या शेजारी बसून कधी दोन शब्द बोलली नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. विचारायचं कसं, हे त्यांना येतच नव्हतं.

मध्यंतरी कॅसेट बघण्याचा समारंभ झाला. अप्पांच्या घरी दोन्हीकडची मंडळी जमली, व्याही पुढच्या खुर्चीत. आणि साडूंनी आम्हाला काय दाखवलं, तर मठ्ठा गाळणारे आचारी. धोतर नेसणारे गुरुजी. सनईवाल्याचा गाल. हॉलच्या मॅनेजरशी खुर्च्यांवरून हुज्जत घालणारा मी. मग टेबलावर इस्त्री होत असलेला अंतरपाट, आणि त्यानंतर एकदम पंगतीत जिलबी. मंगलाष्टकं नाहीत, अक्षता नाहीत, हार नाहीत, नवरानवरी तर औषधालाही नाहीत. व्याही शांतपणे म्हणाले, "लग्न लागलं होतं ना, नक्की?" सासूबाई आत निघून गेल्या. धाकटीचा चेहरा पडला, कारण सासरी आता हेच ऐकायचं होतं. सगळ्यांनी साडूंकडे पाहिलं. "बॅटरी संपली," ते म्हणाले. अप्पा पाणी प्यायला उठले. त्या दिवसापासून घरात साडूंचं नाव 'बॅटरी' पडलं आणि मस्कतला आम्ही मुकाट्यानं फोटो पाठवले. साडूंनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. त्यांचा कोडगेपणा म्हणजे कमालच, असं मी चारचौघांत बऱ्याचदा म्हणालो आहे.

दोनेक वर्षांनी अप्पा गेले. धाकटी कोरड्या डोळ्यांनी सगळं करत होती. तेरावं झालं आणि त्या रविवारी साडूंनी तिला वाशीला बोलावलं, आम्हालाही बोलावलं. आम्ही टेकतो न टेकतो तोच ते व्हीसीआरपाशी जाऊन बसले. "ह्यांना काही काळवेळ?" बायको माझ्या कानात म्हणाली. साडूंनी कपाटातल्या गरम कपड्यांखालून एक कॅसेट काढली आणि लावली.

हॉलची मागची खोली. घडी केलेल्या खुर्च्यांची चवड, तांदळाची पोती. अप्पा पोत्यांपुढे उभे, नवीन कोट, हात जोडलेले. "पोर लाडाची..." एवढं म्हणून थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पोर..." पुन्हा थांबले. घसा खाकरून, जरा चढ्या आवाजात, हुकूम सोडावा तसं म्हणून पाहिलं. जमलं नाही. बाहेर मंगलाष्टकं चालू होती, एकेका कडव्याला 'सावधान' ऐकू येत होतं, आणि आत अप्पा त्या पोत्यांना पुन्हा पुन्हा हात जोडत होते. शेवटी ताशा वाजला, टाळ्या वाजल्या, लग्न लागलं. ते खाली बसले आणि तोंडाला उपरणं लावून, खांदे हलवत, आम्ही कुणी त्यांना कधी पाहिलं नव्हतं तसे रडले. मग मान वर केली तेव्हा त्यांना कॅमेरा दिसला. "बंद करा ते," अप्पा म्हणाले. "आणि मी आहे तोवर कुणाला दाखवू नका."

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही मंगलाष्टकं सोडून..."

"बाहेर तीनशे माणसं होती, दादा," साडू म्हणाले. "आत ते एकटेच होते."

धाकटी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली होती. "पुन्हा लावा, भाऊजी," ती म्हणाली. पुन्हा लावलं. चौथ्यांदा का पाचव्यांदा अप्पा "पोर" म्हणून थांबले तेव्हा तिनं हात पुढे करून काचेवर ठेवला, आणि मग मात्र ती जी रडायला लागली ती माझ्या बायकोला आवरेना. "एवढं घोकत होते," ती म्हणत होती. "आणि मी त्यांना दोन वर्षं..." पुढचं ऐकू आलं नाही. साडू कावरेबावरे होऊन चहाचं बघायला आत गेले. निघताना त्यांनी ती कॅसेट तिच्या पिशवीत घातली. स्वतःसाठी त्यांनी तिची नक्कल ठेवली नव्हती.

साडूंचे ते सिनेमे मला अजूनही कळत नाहीत. 'चिखलाचा' त्यांनी मला तीनदा दाखवला, तिन्ही वेळा मला झोप लागली. पण माझी मुलगी आता लग्नाची झाली आहे आणि तिच्या लग्नात कॅमेरा कुणाकडे द्यायचा हे मी मनाशी ठरवून टाकलं आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही, ती आकांत करील. मंगलाष्टकं येणार नाहीत, हार येणार नाहीत, जावई तर येणारच नाही, हे मला कबूल आहे. फक्त त्या वेळी मी कुठल्या खोलीत असेन, ते साडूंना शोधावं लागणार नाही.