परीचे पंख धरणारी

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता... आणि आजही नाही, असंच म्हणेन.

बाबा सावंतवाडीकडून गोव्यात, पाळी गावच्या खाणीवर मजुरीला आले. आम्ही कारापूरला भाटकारांच्या, म्हणजे तिथल्या जमीनदारांच्या, मागच्या खोलीत राहायचो, आई त्यांची भांडी घासायची. पावसाळ्यात खाण बंद पडली की नुसत्या पेजेवर दिवस.

भाटकारांची सुलू माझ्याच वयाची. तिचा परीच्या वेषातला फोटो काढायला डिचोलीच्या स्टुडिओत नेलं, मलाही नेलं — पिशवी धरायला. मागे रंगवलेलं रान, तिच्या हातात चांदीच्या कागदाचा तारा. पुठ्ठ्याचे पंख मात्र सारखे लोंबायचे. म्हणून फोटोग्राफरने मला तिच्या स्टुलामागे बसवलं, पंख वर धरायला.

"गो चेडवा, तकली सकयल घाल! ना जाल्यार फोटोत दिसतली!"

मी मान खाली घातली. पण असा जळफळाट झाला म्हणून सांगू... ते पंख ओरबाडून काढावेसे वाटले.

घरी आईला विचारलं, "माझो फोटो कधी काढूचो?"

"शीक, मोठी हो. मग काढ. एकटीचो."

शिकले. गोवा राज्य झालं त्याच सुमारास बी.ए. झाले. तोच स्टुडिओ, भाड्याचा गाऊन, मागे साधा पडदा, भर दुपार. आत मी आणि फोटोग्राफर, तिसरं कुणी नाही.

फोटो हातात आला तशी पहिली सुलूकडे गेले. तिचं कॉलेज अर्ध्यावर सुटलेलं — तिला दाखवायचाच होता, खोटं कशाला बोलू?

ती बघतच राहिली. "फाटल्यान कोण गो ती?"

"मागे? कोण असणार?"

फोटोत माझ्या खांद्यावर, गाऊन मुठीत धरलेली चार लहान बोटं. मनगटाला काळा दोरा, त्यात कवडी. तसा दोरा लहानपणी आईने मला दृष्ट लागू नये म्हणून बांधला होता. हायस्कुलात गेल्यावर मीच तो तोडून टाकला.

सुलूने भिंतीवरच्या आपल्या परीकडे पाहिलं. पंख कमरेपर्यंत लोंबत होते.

"हे वर आशिल्ले न्हय गो?" तिने पंखांवर बोट ठेवलं.

मी तशीच स्टुडिओत गेले. फोटोग्राफरने निगेटिव्ह उजेडाला धरली. त्यातही बोटं होतीच. एवढंच सांगते — ती बोटं गाऊन सावरत नाहीत, ओरबाडताहेत. आणि डोकं दिसत नाही. मान अजून खालीच आहे.

आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी. फोटो आईने दारासमोरच्या भिंतीवर लावलाय, बोटांचा भाग न कापता.