तीन थर्मोस्टॅट आणि आईच्या खोलीचं दार

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. तुम्हीच सांगा.

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या या थंडीत, आमच्याकडे घरभराचं तापमान ठरवणाऱ्या एकाच थर्मोस्टॅटवरून रोज वाद. नागपूरहून आलेली आई खाली दोन-दोन स्वेटर घालून कुडकुडते आणि वर बायको नि लेक उकडतंय म्हणून खिडकी उघडतात. शेवटी आज झोनिंग बसवून घेतलं, म्हणजे घराच्या प्रत्येक भागाचं तापमान वेगळं ठेवता येतं. गरम हवेच्या डक्टमध्ये झडपा, तीन थर्मोस्टॅट. हॉलचा वेगळा, वरचा वेगळा, आईच्या खोलीचा वेगळा.

टेक्निशियन गेला आणि तासाभरात सगळं उलटं! हॉल कमीवर ठेवलेला, तरी तापला. आईची खोली गारच. त्याला फोन केला तर म्हणाला, "दारं लावलीत का? उघडी ठेवलीत तर गरम हवा बाहेरच जाणार."

दारं? आमच्याकडे दिवसा दारं लावतं कोण?

आई म्हणाली, "घरात माणसं असताना दार लावून बसायला मी काय रुसलेय?" लेक म्हणाली, "आजी, इट्स जस्ट अ डोअर!" मीही खूप समजावलं, तेव्हा कुठे तिनं दार लावून घेतलं.

खोली आता मस्त उबदार आहे, यार. मगाशी चहा घेऊन गेलो आणि दाराशी अडलो. टकटक करायची की सरळ आत जायचं? आईच्या दारावर कधी टकटक केलीच नाही हो. शेवटी हळूच केली.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

सिस्टीम व्यवस्थित चालतेय. मग हे दार लावून ठेवू की उघडू?