रुडसेलच्या आईला इंग्रजी समजत नाही

सौदीतल्या जुबैलच्या प्लांटवर काम करायचं म्हणजे किस्से धुळीसारखे साठतात. झटकले तरी राहतातच! त्यात कंपनीच्या बसमध्ये रोज शेजारी तोच माणूस. माझ्या शेजारी रुडसेल बसायचा. आमचा सेफ्टी इंजिनियर, कॅरिबियन समुद्रातल्या कुरसाव बेटावरचा. त्याची मातृभाषा पापियामेंतू.

"ही कशी काय भाषा रे?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"पोर्तुगीज, स्पॅनिश, डच, आफ्रिकन, सगळंच आहे तिच्यात. आधी कुठली यावर विद्वान अजून भांडतायत. आम्ही तोवर तिच्यात संसार केले!"

*

एकदा पंप अडला. फोरमन इजिप्तचा, फिटर बांगलादेशी आणि मी रेवदंड्याचा! "सदीक, हादा वॉल्व खलास, बुकरा न्यू वॉल्व, यल्ला!" म्हणजे मित्रा, हा वॉल्व गेला, उद्या नवा, चल! एवढ्या भांडवलावर काम फत्ते.

रुडसेल बसमध्ये म्हणाला, "आमची भाषा अशीच सुरू झाली असणार."

मी खूश! "म्हणजे आम्हीपण भाषा काढतोय की!"

"काढताय. फक्त आमच्या लोकांकडे तुमच्यासारखा इकामा, राहण्याचा परवाना, नव्हता. त्यांना साखळदंडात आणलं होतं."



*

मग मीच सांगितलं, आमच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे, तिथली काही मंडळी घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. रुडसेल सीटवरून उठायचाच बाकी!

"बोल ना एखादं वाक्य!"

"मला कुठे येते? मी खाडीच्या अलीकडचा."

"मध्ये केवढी खाडी आहे?" त्याने विचारलं. उत्तर द्यायला मला लाजच वाटली.

*

त्याची बायको फिलिपिनो, म्हणून घरात इंग्रजी. आठ वर्षांच्या मीलाला बापाची भाषा कळायची, पण ती बोलायची नाही. अशात रुडसेलची आई व्हिजिट व्हिसावर आली. बाईंना चार भाषा येतात, इंग्रजीसुद्धा. लहानपणी शाळेत पापियामेंतू बोललं की शिक्षा व्हायची त्यांना. आता तिथे ती भाषा शाळेत शिकवतात, पण राग काही गेलेला नाही.

मीलाने इंग्रजीत पाणी मागितलं की आजी म्हणायच्या, "मी नो ता कोम्प्रोन्दे!" म्हणजे मला समजत नाही. (त्यांचा 'मी' आणि आपला 'मी' एकच बरं का!) मीलाही वस्ताद. ती स्वतः उठून पाणी घ्यायची, पण शब्द काढायची नाही.

रुडसेल बसमध्ये कपाळाला हात लावून बसायचा. "आई म्हणते, ही माझ्याशी बोलली नाही तर आपल्या घरातून भाषा गेली. दोघी हट्टी आहेत रे, आणि व्हिसा संपत आलाय."

*

मला वाटलं, युक्ती बरी आहे, आपणही करून बघू. आमचे चिरंजीव इंग्रजीत वायफायचा पासवर्ड मागायला आले. मी म्हटलं, "मला समजत नाही."

तो थेट स्वयंपाकघरात. "मम्मी, चेक बाबा. समथिंग इज राँग!"

आमची ही तिथूनच ओरडली, "ते आधीपासूनच आहे!"

हसलो खरा. पण माझी आई दर शुक्रवारी फोनवर याच्याशी दोन वाक्यं बोलते आणि मग मलाच विचारते, काय म्हणाला रे तो?

*

आजींना दम्मामच्या विमानतळावर सोडायला मीच गाडी काढली. बॅगा खूप होत्या. मीला वाटभर खिडकीबाहेर बघत होती. एवढ्या मुक्कामात आजीच्या भाषेतला एक शब्द तिने काढला नव्हता.

आत जायची वेळ झाली आणि आजींचा धीर सुटला. डोळे भरून आले, खाली वाकल्या आणि चक्क इंग्रजीत म्हणाल्या, "ये गं बाळा, आजीला एक पापी दे."

रुडसेलने मान फिरवली.

मीला जागची हलली नाही. तिने कमरेवर हात ठेवले, हनुवटी वर केली, अगदी आजी करायच्या तशी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मी नो ता कोम्प्रोन्दे!"